"सर, एक मिनिट" : अभ्यासिकेतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या पेठांमधली एक अभ्यासिका, नाव सांगत नाही, तशाही तिथे पावलापावलावर आहेत. मी स्वतः महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेच्या तीन मुख्य परीक्षा देऊन थांबलेला माणूस, आता एका ठिकाणी नोकरी करतो आणि संध्याकाळी सात ते नऊ तिथे पोरांचे निबंध तपासतो. पैसे घेत नाही, चहा घेतो.

हे प्रकरण त्यातल्या एकाचं आहे. अभ्यासिकेत पोरं एकमेकांना एकतर "सर" म्हणतात नाहीतर जिल्ह्याच्या नावानं हाक मारतात, म्हणून त्याला इथे हिंगोली म्हणतो (जिल्हा बदललाय, ओळख पटेल अशा अजून दोन-तीन गोष्टी बदलल्यात, आणि लिहितोय ते त्याला विचारून). वय २५, बीएस्सी ॲग्री, घरी कोरडवाहू चार एकर, धाकटी बहीण बारावीला. २०२४ च्या जुलैत त्याचं पुण्यातलं तिसरं वर्ष चालू होतं.

परीक्षेचं थोडं सांगावं लागेल कारण सगळं तिथूनच सुरू झालं. जुन्या पॅटर्नमध्ये मुख्य परीक्षा ८०० मार्कांची, त्यात भाषेचा एकच १०० मार्कांचा पेपर लेखी, बाकी सगळं चार पर्याय आणि गोल रंगवणे. मग आयोगानं ठरवलं की यूपीएससीसारखं सगळं वर्णनात्मक करायचं, नऊ पेपर, मेरिटला धरायचे मार्क १७५०, त्यात निबंधच अडीचशेचा. हे २०२३ पासूनच लागू होणार होतं, पोरं रस्त्यावर उतरली, फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगानं ते २०२५ पर्यंत पुढे ढकललं. म्हणजे दोन वर्षं मिळाली. हिंगोलीनं ती दोन वर्षं कशी वापरली तर आधी जसा अभ्यास करायचा तसाच करत राहिला, आणि त्याला एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, नव्वद टक्के पोरांनी तेच केलं असं मला वाटतं, मोजलेलं नाही.

त्याचा अभ्यास फोनवर. टेलिग्रामवर ३४ चॅनल, यूट्यूब दोनच्या स्पीडनं, चालू घडामोडींचे पीडीएफ, आणि दिवसभर क्विझ पोल, मेसच्या रांगेत पण पोल. स्क्रीन टाइम दिवसाला साडेसहा तासांच्या वर. मी म्हटलं रील बघतोस, तर त्यानं फोन उघडून दाखवला, खरंच बराचसा वेळ टेलिग्राम, यूट्यूब आणि पीडीएफ वाचायच्या ॲपमध्ये. पोरगं टाइमपास करत नव्हतं. आणि पर्यायांच्या प्रश्नात तर वाघ, प्रश्न पूर्ण वाचून व्हायच्या आत दोन पर्याय उडवायचा.

अडचण नेमकी काय होती

जुलै २०२४ मध्ये मी त्याला पहिला निबंध दिला, "पाणी : हक्क की वस्तू?" कोरडवाहू घरातला पोरगा, ॲग्रीचा, म्हटलं चार पानं तर सहज काढेल.

दीड पान आलं. त्यात २१ मुद्दे, प्रत्येक एका ओळीचा, आणि गंमत म्हणजे जवळजवळ सगळे बरोबर. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये पाण्याचा हक्क मान्य केला, बरोबर. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९, माणशी दिवसाला ५५ लिटर, बरोबर. जलयुक्त शिवार आलं, १८८२ चा सुविधाधिकार कायदा आला ज्याच्या आधारानं जमीन ज्याची त्याचं खालचं पाणी असं मानत आलेत. हे पण बरोबर! फक्त २०१० चा हक्क सातव्या ओळीत आणि १८८२ चा कायदा आठव्या ओळीत, एकाखाली एक, आणि या दोघांचं आपसात भांडण आहे हे लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. एक म्हणतो पाणी सगळ्यांचं, दुसरा म्हणतो सातबारा ज्याचा त्याचं. निबंधाचा विषयच ते भांडण होता.

मग मी एक काम केलं जे आधी कधी केलं नव्हतं, लाल पेन घेऊन जोडशब्द शोधले. म्हणून, पण, तरीही, मात्र, उलट. दीड पानात दोन "आणि" आणि एक "तसेच". "तरीही" एकदाही नाही, "म्हणून" एकदाही नाही. टेलिग्रामच्या मेसेजमध्ये ते लागतच नाहीत ना, प्रत्येक मेसेज सुटा असतो, वरच्याशी त्याचा संबंध असायची गरज नाही, तुम्ही वाचता, अंगठा देता, पुढचा येतो. तीन वर्षं रोज तेच वाचलं तर लिहितानाही तसंच उतरणार.

मी त्याला समोर बसवून विचारलं, बाबा रे, समज तुमच्या शेजाऱ्यानं बांधाला लागून सहाशे फुटांचा बोअर घेतला आणि पंधरा दिवसांत तुमची विहीर आटली, तर हक्क कुणाचा?

तो म्हणाला, "सर, एक मिनिट." आणि हात खिशाकडे गेला.

मी बघत राहिलो. हे कुठल्या अहवालातलं नव्हतं, त्याच्या गावात असे बोअर आहेत, त्याच्या वडलांचं त्यावरून एकदा वाजलंय हे त्यानंच मला मागे सांगितलेलं. त्याला माहिती होती. पण प्रश्न आला की उत्तर बाहेर आहे असं हातानंच ठरवून टाकलेलं, डोक्याला कुणी विचारलंच नाही.

यावर थोडंफार संशोधन झालंय. २०११ मध्ये बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात प्रयोग छापले होते, माहिती नंतर कॉम्प्युटरवर सापडणार आहे असं वाटलं की लोक ती माहिती कमी लक्षात ठेवतात, कुठे ठेवलीय ते मात्र लक्षात राहतं. पण त्यातलाच एक प्रयोग २०१८ मध्ये दुसऱ्यांनी करून बघितला तेव्हा तसाच निघाला नाही, त्यामुळे "गुगलमुळे मेंदू सडला" असं जे फॉरवर्ड फिरतं त्याला मी भुलत नाही. मला जास्त पटलं ते येल विद्यापीठातलं २०१५ चं काम. नेटवर उत्तरं शोधायला लावलेल्या लोकांना नंतर अगदी वेगळ्याच विषयांवर विचारलं की हे तुम्ही समजावून सांगू शकाल का, तर ते जास्त खात्रीनं हो म्हणायचे. म्हणजे नेटवर जे आहे ते आपल्याच डोक्यात आहे असं वाटायला लागतं. हिंगोलीचं अगदी हेच. निबंध लिहायच्या आधी त्याला विचारलेलं, विषय येतो का, तर म्हणाला, "सर, पाण्याचं सगळं झालंय."

समोर कोणते पर्याय होते

रूममेट, मी आणि तो, टपरीवर बसून बोललो. चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली, फोन बंद, बटनाचा फोन घे. पेठांमध्ये हा जुना उपाय आहे, यशस्वी लोकांच्या सत्काराच्या भाषणात हटकून येतो.

दुसरी, उत्तरलेखनाचा ऑनलाइन कोर्स, आदर्श उत्तरांसकट. याला मी नको म्हणालो कारण आदर्श उत्तर वाचलं की ते ओळखीचं होतं आणि ओळखीचं झालं की येतंय असं वाटतं, म्हणजे जो रोग आहे तेच औषध. शिवाय फी पण होती.

तिसरी, एआयकडून निबंधाचा सांगाडा काढून घ्यायचा आणि आपण भरायचा. हे तो आधीपासूनच करत होता, मला नंतर कळलं. यात मी लगेच नाही म्हणालो नाही. सांगाडे चांगले असायचे, माझ्यापेक्षा चांगले असायचे खरं तर. पण निबंधात अवघड काय असतं तर सांगाडाच, कुठला मुद्दा कुठल्याच्या आधी आणि का. तेवढंच दुसऱ्याला देऊन टाकलं तर मागे हमाली उरते. परीक्षा हॉलमध्ये सांगाडा कोण देणार?

चौथी रूममेटनं काढली आणि तीच सगळ्यात शहाणपणाची होती, राज्यसेवा सोड आणि गट ब, गट क पदांची संयुक्त परीक्षा कर, तिथे अजून पर्यायच आहेत आणि तुझा हात तिथे चालतो. यावर दोन दिवस गेले. घरची परिस्थिती बघता हेच बरोबर असं मला पण वाटत होतं. पण त्याचं म्हणणं असं की मला एका साध्या प्रश्नावर दोन पानं लिहिता येत नाहीत हे मला कळलंय आता, ते तसंच ठेवून पुढे गेलो तर खुर्चीत बसून पण फोनच काढेन. ठरलं असं की संयुक्तचा फॉर्म भरायचाच, पण लिहायचं काम सोडायचं नाही.

पहिला प्रयत्न, जो फसला

मी बटनाच्या फोनला हो म्हणालो. चूक माझी.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं स्मार्टफोन गावी जाणाऱ्या मित्राबरोबर घरी पाठवून दिला. पुढच्याच आठवड्यात काय झालं तर २५ ऑगस्टला राज्यसेवेची पूर्व परीक्षा होती, त्याच दिवशी बँक भरतीची आयबीपीएसची परीक्षा, पोरांनी पुण्यात आंदोलन सुरू केलं, रात्रभर रस्त्यावर. अभ्यासिका अर्धी रिकामी आणि हा आत बसून पुस्तकावर रेघा मारतोय, त्याला वाटलं लाइट गेली म्हणून पोरं बाहेर गेलीत. पूर्व पुढे ढकलल्याचं सगळ्या पेठेला कळलं तेव्हा याला शेजारच्यानं हलवून सांगितलं. आम्ही हसलो खूप, पण त्यानंतर त्याला धास्तीच बसली की आपलं काहीतरी सुटतंय, मग दर अर्ध्या तासाला कुणाचा तरी फोन मागायचा. आधी स्वतःच्या फोनवर जेवढी घालमेल नव्हती तेवढी आता दुसऱ्यांच्या फोनवर.

तीन आठवड्यांनी तोच विषय परत दिला. पावणेदोन पानं, २४ मुद्दे. फरक एवढाच की मुद्दे आता टेलिग्रामऐवजी पुस्तकातले. "तरीही" शून्य.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी लक्ष लागत नाही असं धरून चाललो होतो आणि त्याचं लक्ष लागत होतं, दहा दहा तास लागत होतं. प्रश्न असा होता की तो जे काही वाचत होता ते ओळखण्यासाठी वाचत होता. चार पर्याय समोर आले की बरोबरवाला ओळखायचा, पोलमध्ये ओळखायचा, व्हिडिओत "हे माहितीय" म्हणून पुढे पळवायचा. स्वतःहून आठवायची आणि दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायची वेळच तीन वर्षांत आली नव्हती. फोन काढून घेतला तर ती वेळ आपोआप थोडीच येणार, पुस्तकानं पण ओळखायचंच काम करता येतं की!

आणि एक कबुली द्यायची राहिली. मी निबंध कसे तपासत होतो? व्हॉट्सॲपवर. पोरं पानांचे फोटो टाकायची, मी नोकरीवरून लोकलमध्ये लटकत (कामासाठी आठवड्यातले दोन दिवस लोणावळ्याकडे जावं लागतं) झूम करून बघायचो आणि लिहायचो "छान, मुद्दे वाढवा". मागे जाऊन बघितलं तर हिंगोलीला मी हे सात वेळा लिहिलेलं. सात वेळा! आणि तो बिचारा मुद्दे वाढवत होता. २१ चे २४ त्यानं माझ्या सांगण्यावरूनच केले. छोट्या स्क्रीनवर दीड पान बघताना मला पण मुद्देच दिसत होते, जोड दिसत नव्हते.

दुसरा प्रयत्न

सप्टेंबरच्या मध्याला स्मार्टफोन परत आला. दिशा मात्र अचानक मिळाली.

एका रात्री मी जिन्यातून खाली येत होतो आणि हा जिन्यावर बसून व्हॉइस नोट रेकॉर्ड करत होता, बहिणीला. तिनं विचारलं होतं की दादा, सातबाऱ्यावर आपलं नाव आहे मग खालचं पाणी पण आपलंच ना, तर मग शेजारच्या काकांना ओरडता का येत नाही? आणि हा तिला सांगत होता, जवळजवळ चार मिनिटं, सलग. की बघ जुन्या कायद्यानं आपलंच, पण त्याच कायद्यानं त्यांच्या जमिनीखालचं त्यांचं, आणि पाणी काही बांध बघून थांबत नाही, म्हणून ज्याच्याकडे मोठी मोटर त्याचं पाणी असं होऊन बसतं. मग २००९ चा महाराष्ट्राचा भूजल कायदा आला, तो साठ मीटरच्या खालच्या खोल विहिरींना आळा घालायला बघतो, साठ मीटर म्हणजे दोनशे फूट, तरीही आपल्या गावात सहाशेचे आहेत, कारण मोजायला कोण येतंय.

मी जिन्यातच थांबलो. "म्हणून" होतं, "पण" होतं, "तरीही" पण होतं! दोन्ही कायद्यांचं भांडण लागलेलं होतं. हाच मुलगा, तोच विषय, आणि हातात तोच फोन.

यावरून मी जे काढलं ते असं. चॅनलमध्ये समोर कुणी नसतं. शेकडो लोक असतात पण ज्याला कळलं नाही तर तोंड वाकडं करेल असं कुणी नसतं. बहीण होती. तिला काय माहिती आहे, काय नाही, हे धरून त्याला क्रम लावावा लागला, आणि बोलताना मध्ये थांबून शोधता येत नाही त्यामुळे जे डोक्यात आहे त्यावरच भागवावं लागलं.

मग पद्धत बसवली, एका दिवसात नाही, पंधरा-वीस दिवस इकडेतिकडे करून.

संध्याकाळी सातला विषय मिळणार. फोन खालच्या लॉकरमध्ये, स्वतः जाऊन ठेवायचा, मी मागणार नाही. वीस मिनिटं कोरा कागद, आठवेल ते लिहायचं, नाही आठवलं तर बसून राहायचं. ही वीस मिनिटं सुरुवातीला भयंकर गेली, पहिल्या दिवशी त्यानं चार ओळी लिहिल्या आणि तीनदा पाणी प्यायला उठला. मग फोन आणून बहिणीला चार मिनिटांच्या आत व्हॉइस नोट, कागद न बघता. तिचं काम एकच, एक प्रश्न उलट विचारायचा. तो प्रश्न आला की मग लिहायला बसायचं, आणि गुगल, पीडीएफ, एआय, जे काय बघायचं ते त्यानंतर, नंतर बघून घातलेलं सगळं लाल पेननं. म्हणजे पानावरच दिसायचं की आपलं किती आणि आणलेलं किती. शेवटी समासात प्रत्येक परिच्छेदासमोर लिहायचं की तो वरच्याशी कसा जोडलेला आहे, म्हणून की पण की शिवाय. एकही बसला नाही तर परिच्छेद काढून टाकायचा, कितीही भारी आकडा असला तरी.

कोऱ्या कागदाची कल्पना माझी नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोघांचा २००६ चा प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना उतारा दिला, काहींनी परत परत वाचला, काहींनी वाचून मग आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. यातलं पाच मिनिटांचं जास्त महत्त्वाचं वाटतं मला, कारण आपल्याला बरं वाटतं ते त्या पाच मिनिटांच्या हिशोबावर. लॉकरचं म्हणाल तर २०१७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता की फोन नुसता टेबलावर असला, बंद असला तरी, दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांपेक्षा कामगिरी कमी होते. नंतरच्या प्रयोगांत काहींना ते दिसलं, काहींना नाही. मी त्यावर पैज लावणार नाही, आमच्याकडे लॉकरचा उपयोग एवढाच की जिना उतरायचा कंटाळा येतो.

टेलिग्रामची ३४ चॅनल होती त्यातली तीन ठेवली. कुठली ठेवायची यावर मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

नोव्हेंबर सगळा पूर्वसाठी सोडून दिला, १ डिसेंबरला ती झाली. तिथे पर्यायच असतात आणि तिथे जुना हात लागतो, त्यामुळे महिनाभर परत पोल, परत पीडीएफ. हे मुद्दाम सांगतो कारण एकच मेंदू दोन्ही कामं करतो आणि दोन्ही लागतात. पूर्व थोडक्यात हुकली. लिहिण्यात गेलेल्या वेळामुळे हुकली का? तो नाही म्हणतो, मला नक्की सांगता येणार नाही.

काय झालं

फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच पाण्याचा विषय तिसऱ्यांदा, यावेळी तपासायला बाहेरच्या एका सरांकडे दिला, आधीचे दोन्हीपण नाव झाकून त्यांच्याकडेच. जुलैच्या निबंधाला अडीचशेपैकी ८४, ऑगस्टच्या बटनाच्या फोनवाल्याला ८१, फेब्रुवारीच्याला ११७. बाहेरच्या सरांचा शेरा होता की आकडे कमी आहेत. खरंच कमी होते, २४ मुद्द्यांवरून नऊवर आलेला, आणि एक साल पण चुकलेलं, जलजीवन २०१८ लिहिलं. पूर्वी असली चूक त्याच्या हातून झाली नसती. हे नुकसान आहे, झाकण्यात अर्थ नाही.

पण निबंध उघडत होता तो विहिरीवरून, तिथून १८८२ वर, तिथून २०१० वर, आणि मध्ये एक वाक्य होतं की हक्क कागदावर सगळ्यांचा आणि पाणी मोटरच्या हॉर्सपॉवरनुसार. हे वाक्य मी गुगल करून बघितलं. (संशय घेतला, हो.) कुठे नव्हतं.

वेग अजून कमी आहे. तीन तासांच्या पेपरात त्याला साडेतीन लागतात. रात्रीचे रील परत आलेत, बाराच्या पुढे, त्याचं मी काही केलं नाही आणि करता येईल असं वाटत नाही. एक अनपेक्षित गोष्ट झाली ती बहिणीची, सुरुवातीला ती उलट प्रश्न म्हणून "मग पुढे?" एवढंच पाठवायची, डिसेंबरपर्यंत असे प्रश्न यायला लागले की एकदा मलाच उत्तर देता आलं नाही.

मार्चमध्ये एकदा मी त्याला सहज विचारलं, उद्या तू तहसीलदार झालास आणि तुझ्याच शेजाऱ्याच्या बोअरची तक्रार तुझ्याच टेबलावर आली तर? तो म्हणाला, "सर, एक मिनिट." फोन टेबलावरच होता. तो पंख्याकडे बघत बसला, मिनिटापेक्षा जास्तच बसला असेल, मग म्हणाला, आधी मी ते प्रकरण स्वतःकडे ठेवणार नाही, आणि मग पुढचं बोलायला लागला.

वेगळं काय करता आलं असतं

बटनाच्या फोनचे ते आठवडे वाचले असते जर मी आधी नुसतं विचारलं असतं की तुला समजावून सांगायला कधी जमतं. मी जमत नाही तेच बघत बसलो. प्रत्येकाकडे अशी एक बहीण असते, कुणाची आई असते, कुणाचा गावाकडचा मित्र, फक्त ते अभ्यासाच्या खात्यात धरत नाहीत.

ही पद्धत सगळ्यांना लागू पडेल असंही नाही. अजून दोघांवर करून बघितली, एकाला व्हॉइस नोट पाठवायला कुणी नव्हतं, त्यानं ग्रुपवर टाकायला सुरुवात केली, तिथे परत अंगठे आले आणि आठवड्यात बंद पडलं. दुसऱ्याचं उलटं होतं, तो आधीच उत्तम मांडायचा, त्याला खरोखरच मुद्दे कमी पडत होते, त्याला मी तीन आठवडे उगाच कोऱ्या कागदावर बसवलं. त्याला चॅनल वाढवायला सांगायला हवं होतं.

एआयचा सांगाडा पूर्ण बंद करायला नको होता असं आता वाटतं. आपला लिहून झाल्यावर त्याचा मागवायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून भांडायचं, हे आम्ही एप्रिलपासून सुरू केलं, आधी करता आलं असतं. मी घाबरलो होतो.

आणि माझं स्वतःचं. फोटोवर तपासणं बंद केलंय, पान घेऊन यायचं, समोर बसायचं. पोरं कुरकुर करतात, सर तुम्ही दोनच तास असता, नंबर लागत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे, आधी मी आठवड्याला तीस निबंध बघायचो आता बारा बघतो. काल रात्री एकानं परत चार पानांचे फोटो टाकलेत, खाली लिहिलंय "सर, बघा ना फक्त एकदा, दोन मिनिटं". निळी टिक गेलीय त्याला. अजून रिप्लाय दिलेला नाही, आज सातला येतो का बघू.